रील बघून आरसा नकोसा होतो? ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या वहीतल्या पायऱ्या

डोंबिवलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. पूर्वी बायका साडी, अस्तर आणि मापाचा जुना ब्लाउज घेऊन यायच्या. आता पिशवीतून साडी निघायच्या आधी पर्समधून फोन निघतो. "ताई, हे बघा, अस्सा मागचा गळा हवा." रीलमधली मुलगी गर्रकन वळते, पाठीवरचे लटकन हलतात. मी टेप हातात घेतली की समोरच्या बाईचा आवाज खाली येतो. "बाही मात्र कोपरापर्यंत ठेवा हं. माझे दंड काही तसे नाहीत."

गळ्याचं डिझाइन शोधायला फोन उघडला आणि दंडांची लाज घेऊन बाई दुकानात आली, हे मी इतक्यांदा बघितलं की शेवटी मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. काही गिऱ्हाइकांनी मी सांगितलेलं करून पाहिलं, काही मी स्वतःवर करून पाहिलं. संशोधनाची माहिती माझ्या मुलीकडून आली, ती पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. करते. बाकी सगळं दुकानातलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. फोन नवीन दुखणं सहसा तयार करत नाही. तो आपलं जुनं दुखणं हुडकून काढतो आणि त्यालाच रोज खुराक घालतो. म्हणून 'फोन कमी बघा' एवढ्या सल्ल्यावर भागत नाही. पुढच्या पायऱ्या साधारण महिन्याभराच्या आहेत, पण क्रम सोडू नका.

पायरी १: तीन दिवस नुसती नोंद

कागदाची वही घ्या. नोंद फोनमध्ये नको. लिहायला म्हणून फोन उघडला की पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, काय बघितलं, आणि बघताना हात कुठे गेला.

ही तिसरी नोंद सगळ्यांत कामाची. मनात काय आलं ते लगेच सापडत नाही, हात मात्र लपवत नाही. कुणी पदर ओढून पोट झाकते. कुणी हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून बघते. कुणाची बोटं गालावरच्या वांगावर जातात. माझ्याकडे येणारी एक शिक्षिका रात्री जेवण झाल्यावर रील्स बघायची आणि तिचा डावा हात सतत केसांच्या भांगावर असायचा. केस विरळ झालेत हे आपल्याला एवढं खुपतंय, हे तिला वहीमुळे कळलं.

या तीन दिवसांत काहीही बदलायचं नाही. कुणाला अनफॉलो नाही, कुठलं ॲप काढायचं नाही. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत.

तिसऱ्या रात्री वही वाचा. बहुतेकींना वाटत असतं की त्रास नट्यांचे फोटो बघून होतो. वहीत निघते कॉलेजची मैत्रीण, धाकटी जाऊ, सोसायटीतली ती बाई जिचं बाळ आपल्या बाळाएवढंच आहे आणि पोट मात्र आत गेलंय. एका गिऱ्हाइकाच्या नऊ नोंदींपैकी सहा एकाच नणंदेच्या स्टेटसच्या होत्या. लेऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखताना आपल्यासारख्यांकडे बघतो, फार दूरच्यांकडे नाही. नटीचं घर, पैसा, स्वयंपाकाला बाई हे सगळं वेगळं, म्हणून तिला आपण सूट देतो. नणंदेला देत नाही.

पायरी २: जुनं वाक्य शोधा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि हीच टाळली जाते. वहीत हात जिथे जिथे गेला, त्या जागेबद्दल पहिल्यांदा कोण काय बोललं होतं ते आठवा. वाक्य जसंच्या तसं लिहा. दुकानात ऐकलेली काही देते: "उन्हात हिंडू नकोस, आधीच काय कमी आहे." "हिचं लग्न जमवताना जोडे झिजणार." "तोंडावर छान आहे गं, पण सुटलीय." "एवढी हडकुळी, सासरचे म्हणतील माहेरी खायला घालत नव्हते." शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण बारीक बाईला त्रास नसतो असं उरलेल्या सगळ्यांना वाटतं.

माझं वाक्य नववीतलं आहे. आत्या म्हणाली होती, "हिचे हात बघ, पुरुषासारखे." तेव्हापासून मी पाऊणबाहीच घालते. बाकी जगाला स्लीव्हलेस शिवून देते.

वाक्यापुढे आणखी एक ओळ लिहा: बोलणाऱ्या बाईला कशाची भीती होती? पुष्कळदा ती भीती लग्नाच्या बाजाराची असते. आपल्याकडच्या बायोडेटात 'वर्ण' असा स्वतंत्र रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी श्रेणी लागते. 'निमगोरा' या शब्दाचा अर्थ कुठल्याही कापडाच्या दुकानातला माणूस सांगू शकणार नाही, पण आई-वडील तो बिनधास्त लिहितात. पंढरपूरला जाऊन काळ्या विठ्ठलापुढे डोळे मिटणारी घरं सून बघताना मात्र डोळे फाडून बघतात. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. बायोडेटातला रकाना अजून तिथेच आहे. भीती लिहायची ती बोलणाऱ्याला माफ करायला नाही, माफ करणं न करणं तुमचं तुम्ही ठरवा. वाक्य आपल्या अंगातून आलेलं नाही, बाहेरून कुणीतरी टाचलेलं आहे, हे दिसावं एवढ्यासाठी.

आता फोनचं काम बघा. ॲपला तुमची आत्या माहीत नसते. त्याला एवढंच कळतं की या व्हिडिओवर अंगठा जरा जास्त वेळ थांबला. आवडलं म्हणून थांबला की टोचलं म्हणून, हे त्याला सांगता येत नाही, आणि त्याची त्याला पर्वाही नाही. दंडाच्या व्यायामाचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की उद्या तसे पाच येतात. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकी वृत्तपत्राने इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं छापली, ती बाहेर आणणारी फ्रान्सिस हॉगेन तिथलीच माजी कर्मचारी. त्यातला गाजलेला आकडा होता ३२ टक्के किशोरवयीन मुलींचा. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढलं, असं त्यांनी सांगितलं होतं. 'वाईट वाटत असताना' हे शब्द बातम्यांमध्ये बऱ्याचदा गळाले. जखम आधीची होती, मीठ नवं होतं.

माझ्या या सिद्धांताला मुलीने एक अपवाद दाखवला, तोही प्रामाणिकपणे सांगते. फिजी बेटांवर अंगापिंडाने भरलेली बाई चांगली मानली जायची. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर या अमेरिकी संशोधक बाईने त्याच सुमाराला शाळकरी मुलींची पाहणी केली, आणि तीन वर्षांनी पुन्हा केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या वेळी एकही मुलगी नव्हती; १९९८ मध्ये ११ टक्क्यांहून जास्त निघाल्या. म्हणजे आत्या नसली तरी पडदा आत्या होऊ शकतो. आपल्या मुलींसाठी हे लक्षात ठेवायला हवं, त्यावर पुढे लिहिते.

पायरी ३: चित्र कसं शिवलंय ते उसवून बघा

इथे मी माझ्या धंद्याची गुपितं फोडते. दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याच्या अंगावर ड्रेस इतका चपखल बसतो, कारण त्याच्या पाठीत टाचण्या आणि चिमटे असतात. फोटोशूटमध्ये जिवंत मॉडेलच्या पाठीतही तेच असतं. मी स्वतः एका मेकअप करणाऱ्या ताईंच्या शूटसाठी नऊवारी नेसवायला गेले होते. मुलीच्या पाठीला सहा चिमटे, आत शेपवेअर, म्हणजे अंग आवळून धरणारा कपडा, आणि "श्वास धर" म्हटल्यावर अकरा सेकंदांचं चित्रीकरण. नंतर ती खुर्चीत बसली तेव्हा पोटाला तीन वळ्या पडल्या. माझ्याही पडतात. बसल्यावर कातडी दुमडली नाही तर माणूस वाकणार कसा?

लाइटचा भाग वेगळाच. माझ्या ट्रायलच्या खोलीत ट्यूबलाइट डोक्यावर होती. वरून उजेड पडला की डोळ्यांखाली, हनुवटीखाली, दंडावर सावल्या पडतात आणि माणूस दहा वर्षांनी थोराड दिसतो. मी ट्यूब डोक्यावरून काढून समोरच्या भिंतीवर लावली. त्या आठवड्यात "बाही लांब करा"चं प्रमाण कमी झालं, असं मला वाटलं. मोजलं नव्हतं, पण घरी हे करून बघायला हरकत नाही.

सेल्फीचं गणित तर मोजलेलं आहे. चेहऱ्यापासून १२ इंचांवर धरलेला कॅमेरा नाक पाच फुटांवरून दिसतं त्याहून जवळजवळ ३० टक्के रुंद दाखवतो, असं २०१८ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दाखवलं गेलं. कॅमेऱ्याच्या जवळ असलेली वस्तू मोठी दिसते, नाक सर्वांत पुढे असतं, बस. त्यामुळे स्वतःचा फोटो हवा असेल तर फोन दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला चार-पाच पावलं मागे पाठवा. शिवाय फोटोत आपण ओळखीचे वाटत नाही, कारण रोज आपण आरशातली उलटी बाजू बघतो. लोक रोज जे बघतात ती फोटोतली बाजू. त्यांना ती खटकत नाही.

आता करायचं ते: फोनच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड आहे का बघा आणि बंद करा. कित्येक फोनमध्ये तो आपण न सांगताच चालू असतो. मग वहीतलं सगळ्यांत टोचलेलं एक रील निवडा, आवाज बंद करून एकदा बघा आणि त्यातल्या शिवणी मोजा. उजेड कुठून येतोय, किती वेळा कट आहे, कंबर वळवलीय का, हात अंगापासून लांब धरलाय का. दंड अंगाला चिकटला की पसरट दिसतो, म्हणून मॉडेल हात कंबरेवर ठेवते. एकच रील, एकदाच.

एकदाच म्हणते त्याला कारण आहे. 'हे खोटं आहे' हे कळलं म्हणजे त्रास थांबतो असं नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलची अंगकाठी बदलली असेल तर तशी सूचना द्यावी लागते, नॉर्वेने जुलै २०२२ पासून इन्फ्लुएन्सरनाही तो नियम लावला. हेतू चांगला, पण अशा सूचनांवर जे प्रयोग झाले त्यांत बायकांचं स्वतःबद्दलचं मत काही सुधारलेलं दिसलं नाही. डोळ्यांनी एकदा पोटात घातलेलं चित्र खालच्या बारीक अक्षरांनी बाहेर निघत नाही. म्हणून पुढची पायरी.

पायरी ४: फीड उसवा आणि पुन्हा शिवा

पूर्वी इन्स्टाग्रामवर आपण ज्यांना फॉलो करायचो तेच दिसायचं. २९ जून २०२० ला आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केली, आणि तेव्हापासून अनोळखी माणसं आपल्या स्वयंपाकघरात येऊन नाचू लागली. म्हणजे अनफॉलो करून अर्धंच काम होतं. एक तास काढा, चहा घेऊन बसा आणि हे करा:

आधी वहीतली नावं घ्या. अनोळखी असतील तर सरळ अनफॉलो. ओळखीची, नात्यातली असतील तर म्यूट करा, त्यांना कळत नाही आणि दिवाळीला तोंड दाखवायची सोय राहते. व्हॉट्सॲपचं स्टेटसही म्यूट होतं. त्या नणंदेचं तेच केलं.

मग अनोळखी रील्स. टोचणारं रील आलं की त्यावर बोट दाबून धरा आणि 'नॉट इंटरेस्टेड' निवडा. पटकन वर सरकवून सोडू नका, सांगा त्याला. पंधरा-वीस वेळा सांगावं लागतं. सेटिंगमध्ये नको ते शब्द लपवायची सोय आहे, तिथे 'वेट लॉस', 'बेली फॅट', 'फेअरनेस', 'स्लिम' हे टाका, मराठी शब्दही टाका. सगळंच बिघडलं असेल तर सुचवलेला मजकूर रीसेट करायचा पर्याय इन्स्टाग्रामने दिलेला आहे. यूट्यूबवर बघण्याचा इतिहास पुसला की शिफारशी बऱ्याच बदलतात. गूगलच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये वजन कमी करण्याच्या जाहिराती कमी दाखवा असं सांगता येतं. हे फार थोड्या जणींना माहीत आहे.

'मला त्यातून प्रेरणा मिळते' असं म्हणून फिटनेसची अकाउंट्स ठेवायचा मोह होतो. स्वतःला विचारा, ते बघून तुम्ही खरोखर चालायला गेलात, की फक्त आरशात बघितलंत? अशा फोटोंवरच्या अभ्यासांत बायकांना ते बघितल्यावर स्वतःच्या शरीराबद्दल आणखी वाईट वाटलेलं दिसलंय. व्यायाम शिकवणारी बाई ठेवा, व्यायामानंतरचं पोट दाखवणारी काढा.

'आपलं शरीर सुंदरच आहे' असं सांगणाऱ्या अकाउंट्सबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. काहींना त्याने बरं वाटतं, वाटू द्या. पण तिथेही चर्चा शेवटी दिसण्याचीच. मला वाटतं, रिकाम्या झालेल्या जागेत शरीर काम करताना दिसेल असं काहीतरी आणावं. माझ्या फीडमध्ये आता मालवणी जेवण करणाऱ्या एक आजी आहेत, गडावर चढणाऱ्या पन्नाशीच्या बायकांचा गट आहे, आणि कुस्ती खेळणाऱ्या मुली आहेत. त्यांचे दंड बघा एकदा.

वेळेचं म्हणाल तर कॅनडातल्या ओटावा इथला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ ते २५ वयाच्या मुलामुलींपैकी निम्म्यांना तीन आठवडे दिवसाला एकच तास सोशल मीडिया वापरायला सांगितला. स्वतःच्या दिसण्याबद्दलचं आणि वजनाबद्दलचं त्यांचं मत तेवढ्यात सुधारलं. तर तुम्हीही तीन आठवडे एक तास ठेवून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपला वेळेची मर्यादा घालता येते. झोपायच्या आधीचा वेळ पहिला तोडा. वहीतल्या सगळ्यांत वाईट नोंदी बहुधा रात्री अकरानंतरच्या असतात.

पायरी ५: फोनमधले नातेवाईक

हे ॲपच्या सेटिंगने होत नाही. फॅमिली ग्रुपवर लग्नाचे फोटो पडतात आणि खाली कुणीतरी लिहितं, "किती जाड झालीय ही!", पुढे हसणारे चार चेहरे. अनोळखी माणसाची कमेंट पुसता येते, मामींची कशी पुसणार?

भांडू नका, विषय फिरवा, पण दर वेळी फिरवा. थोरांना: "मामी, ते राहू द्या, तुमच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?" बरोबरीच्यांना: "वजनाचं सोड गं, साडी कुठून घेतलीस ते विचार ना." धाकट्यांना सरळ: "असं लिहायचं नाही." चारचौघांत ऐकावं लागलं तर माझं आवडतं उत्तर म्हणजे "हो का?" एवढंच म्हणून चहाचा कप उचलणं. समोरच्याला पुढे काय बोलावं ते सुचत नाही. एखादी काकू फारच मागे लागली तर एकदा एकटीला गाठून सांगा, "काकू, तुम्ही काळजीने म्हणता हे कळतं मला, पण त्यानंतर दोन दिवस मला जेवण जात नाही." आमच्याकडच्या एकीने असं सांगितलं, काकू रडल्या आणि म्हणाल्या, मलाही माझ्या सासूबाई तेच म्हणायच्या.

आपल्या बाजूनेही एक नियम पाळावा लागतो, आणि मला तो जड गेला. "बारीक झालीस, छान दिसतेस" हेही बोलायचं नाही. समोरची आजारातून उठलेली असू शकते, आणि पुन्हा वजन वाढलं की तुमचं वाक्य तिला उलटं ऐकू येणार आहे.

पायरी ६: टेपशी ओळख

२२ वर्षांत मी किती मापं घेतली याचा हिशेब नाही. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असलेली एकही बाई मला सापडलेली नाही. उजव्या हाताने काम करणारीचा उजवा दंड बहुधा जाड, एक खांदा उतरता, एक छाती दुसरीपेक्षा मोठी. आम्ही शिवणारे ते गुपचूप जुळवून घेतो आणि गिऱ्हाईक आयुष्यभर समजतं की वेडंवाकडं फक्त आपलंच आहे.

तयार कपड्यांच्या नंबरावर तर मुळीच रडू नका. एका कंपनीचा ३८ दुसरीचा ४० असतो. आपल्याकडे इतकी वर्षं परदेशी मापांवर बेतलेले आकडे चालत आलेत. भारतीय शरीरांची स्वतःची मापं काढायला निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने 'इंडियासाइज' हे सर्वेक्षण हाती घेतलं, मुंबईसह सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून अधिक लोकांचं, यंत्राने स्कॅन करून. म्हणजे ट्रायल रूममध्ये जीन्स वर चढली नाही तेव्हा चूक मांड्यांची असेलच असं नाही.

या पायरीत दोन कामं. पहिलं, कपाट. 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेले कपडे बाहेर काढा. रोज कपाट उघडताना ते टोमणा मारतात. ब्लाउजला आत माया ठेवलेली असते, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, ते उसवून एक-दीड इंच सहज मिळतो. चांगल्या शिवणाऱ्या बाईने माया ठेवलेलीच असते, कारण बाईचं अंग बदलणार हे तिने धरलेलं असतं. मिळत नसेल तर ब्लाउज देऊन टाका आणि आजच्या मापाचा एक तरी शिवा. पोटात रुतणारा हुक दिवसभर आठवण करून देत असेल तर फीड किती का साफ करा.

दुसरं, लिखाण. नेदरलँड्समध्ये जेसिका अलेव्हा या संशोधिकेने एक साधा लेखी उपक्रम तयार केला, पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन लेख. विषय: माझं शरीर काय काय करतं. कसं दिसतं ते नाही. तो करणाऱ्या बायकांचं शरीराबद्दलचं समाधान वाढलेलं आढळलं. मी माझ्या भाषेत विषय असे देते: एकदा हातांवर लिहा, एकदा पाय आणि पोटावर, एकदा ज्या जागेची सर्वांत लाज वाटते तिच्यावर. सुंदर, छान, गोड हे शब्द वापरायचे नाहीत. "या पोटात दोन मुलं वाढली, सिझेरियनचा टाका अजून थंडीत खाजतो, पण पाण्याचा हंडा कमरेवर ह्याच्याच जोरावर टेकतो" असं एकीने लिहिलं होतं.

आणि तब्येतीचा प्रश्न असेल तर तो डॉक्टरांकडे न्या, रीलकडे नको. पाळी अनियमित, वजन अचानक वाढलं, चेहऱ्यावर केस आले, तर थायरॉइड आणि पीसीओडीची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय निघाला. कमरेचं माप सगळ्यांना पाठ, हिमोग्लोबिन किती ते विचारलं तर बाई छताकडे बघते.

पायरी ७: विकणाऱ्यांचं ऐकताना

थोडक्यात सांगते. रीलमध्ये कुणी पावडर, चहा, क्रीम दाखवत असेल तर आधी जाहिरातीचं लेबल शोधा. आपल्याकडे २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचा नियम आहे की पैसे घेऊन केलेली पोस्ट तशी जाहीर करायची. लठ्ठपणा हमखास बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे, छाती सुडौल करणाऱ्या औषधाचीही. त्यामुळे 'सात दिवसांत' म्हणणारा माणूस कायद्याच्या बाहेर उभा राहून बोलतोय असं समजा. गोरं करणारी बिननावाची क्रीम लावू नका. तसल्या क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडलेला आहे, आणि स्टेरॉइडने कातडी पातळ होते.

घरात मुलगी असेल तर

फोन हिसकावण्याआधी आपलं तोंड सांभाळा. मुलीसमोर आरशात बघून "शी, काय झालंय माझं" म्हणायचं नाही, तिच्या ताटातल्या तुपावर बोलायचं नाही. तिचा फीड तिच्याबरोबर बसून बघा, न रागावता, आणि वरचा चिमट्यांचा किस्सा सांगा. मुलींना तो फार आवडतो. कुणी तिचा फोटो बिघडवून फिरवला तर आधी तिला जवळ घ्या, स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. "तू टाकलासच कशाला" हे वाक्य त्या दिवशी गिळा, नंतरही गिळा.

वही पुरत नाही तेव्हा

जेवण लपवून टाकणं, जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणं, एखाद्या दोषापायी दिवसाचे तास न् तास आरशात जाणं, लोकांत जायचंच बंद होणं, पाळी थांबणं, जगणं नकोसं वाटणं. यातलं काही असेल तर या पायऱ्यांवर वेळ घालवू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. लाजण्यासारखं त्यात काही नाही, मी स्वतः दोन गिऱ्हाइकांना नंबर लावून दिलाय.

महिना झाला की पहिल्या तीन दिवसांसारखी पुन्हा तीन दिवस नोंद करा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. हात कुठे जातो ते बहुतेक तेच निघेल. किती वेळा जातो ते मोजा.

मी माझं पान भरलं तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. सगळ्या गावाची मापं माझ्या वहीत आहेत, माझं नाही. माझे ब्लाउज मी अकरा वर्षांपूर्वीच्या कागदी कटिंगवर अंदाजाने इंच वाढवून कापत होते. दुकानाच्या इन्स्टाग्रामवर फोटो सगळे पुतळ्याचे. गेल्या रविवारी मुलगी आली होती, तिला टेप दिली आणि उभी राहिले. तिने 'आई' असं नाव लिहून खाली मापं घेतली. डावा दंड साडेतेरा, उजवा पावणेचौदा. मग पेन्सिल कानावर ठेवून तिने मला माझाच प्रश्न विचारला, "बाही किती ठेवायची, काकू?"

मी म्हटलं, चार इंच ठेव. आणि आत माया सोड.